एक्स-२६ : सहा हाडं, खोडलेलं नाव आणि आईचा डीएनए

अमेरिकेतल्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत व्हिएतनाम युद्धातला ‘अज्ञात सैनिक’ म्हणून १९८४ ते १९९८ अशी चौदा वर्षं ज्याला मानवंदना दिली जात होती, त्याचं नाव लष्कराच्या कागदावर आधीच येऊन गेलेलं होतं. ते लिहिलं गेलं, आठ वर्षांनी खोडलं गेलं आणि अखेर त्याच्या आईच्या डीएनएमुळे पुन्हा लिहावं लागलं. बेपत्ता सैनिकांचे अवशेष घरच्यांच्या डीएनएवरून ओळखण्याची पद्धत आता रुळली आहे. ती समजून घ्यायची तर अमेरिकी हवाई दलाच्या लेफ्टनंट मायकेल जोसेफ ब्लॅसीचं हे प्रकरण आधी वाचावं, असं मला वाटतं. त्यात प्रयोगशाळेइतकाच फाइलींचाही हात आहे. आणि घरच्यांना अंधारात ठेवलं की काय होतं, तेही त्यात स्पष्ट दिसतं.

आन लॉकचा वेढा

मायकेल मिसुरी राज्यातल्या सेंट लुईसचा. जन्म १९४८ चा, पाच भावंडांत थोरला. १९७० मध्ये तो हवाई दलाच्या अकादमीतून बाहेर पडला आणि १९७२ च्या सुरुवातीला व्हिएतनाममध्ये दाखल झाला.

त्या वर्षी मार्चअखेरीस उत्तर व्हिएतनामच्या फौजांनी दक्षिणेवर मोठी चढाई केली. दक्षिणेची राजधानी सायगॉन, तिच्या उत्तरेला सुमारे १०० किलोमीटरवरच्या आन लॉक या गावाला एप्रिलमध्ये वेढा पडला. वेढा फोडण्यासाठी अमेरिकी विमानं रोज तिथे बॉम्ब टाकत होती. ११ मे १९७२ ला मायकेल ए-३७ ड्रॅगनफ्लाय हे छोटं लढाऊ विमान घेऊन तिथे गेला आणि विमानविरोधी तोफांच्या माऱ्यात सापडला. सोबत उडणाऱ्या अधिकाऱ्याने त्याचं विमान कोसळताना पाहिलं. खालचा सगळा टापू शत्रूच्या ताब्यात असल्यामुळे प्रेत आणणं शक्य झालं नाही. मायकेल २४ वर्षांचा होता. घरी कळवण्यात आलं की तो मारला गेला आहे, पण पार्थिव मिळालेलं नाही.

त्या वेळी ही माहिती खरी होती. पाच-सहा महिन्यांतच ती खरी राहिली नाही.

ऑक्टोबरमध्ये दक्षिण व्हिएतनामी सैन्याची एक गस्त तुकडी त्या जागेपर्यंत पोहोचली. तिला तिथे सहा हाडं सापडली : चार बरगड्या, उजव्या दंडाचं हाड आणि कमरेच्या हाडाचा एक भाग. कवटी मिळाली नाही, दातही नाहीत. हाडांसोबत वैमानिकाच्या पोशाखाचे तुकडे होते, पॅराशूटचे अवशेष होते, फुगवून वापरायची एकट्यापुरती रबरी होडी होती. पाकीट होतं आणि ओळखपत्रही होतं. ओळखपत्रावर मायकेल ब्लॅसी हे नाव होतं.

हे सगळं सायगॉनला पोहोचेपर्यंत वाटेत पाकीट आणि ओळखपत्र गहाळ झालं. ते कुठे गेलं, याचा पुढे कधीच पत्ता लागला नाही. तरी ज्यांनी ते हातात घेऊन पाहिलं होतं त्यांचं सांगणं नोंदवलं गेलं आणि सायगॉनच्या लष्करी शवागाराने पिशवीवर ‘ब्लॅसीचे असावेत’ असा शेरा मारला.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकते ती गोष्ट इथली आहे. ‘ब्लॅसीचे असावेत’ असा शेरा असलेले अवशेष लष्कराच्या ताब्यात होते आणि सेंट लुईसमधल्या ब्लॅसी कुटुंबाला त्याचा एक शब्दही कळवला गेला नाही. पुढची वीसहून अधिक वर्षं घरच्यांची समजूत तीच राहिली, की मायकेलचं काहीच मिळालेलं नाही.

नाव कसं खोडलं गेलं

युद्ध संपत आलं तसे असे अवशेष आधी थायलंडला आणि १९७६ मध्ये हवाई बेटांवरच्या लष्कराच्या मध्यवर्ती ओळख प्रयोगशाळेत हलवले गेले. तिथे या सहा हाडांची मानववंशशास्त्रीय तपासणी झाली.

सांगाड्यावरून ओळख पटवताना दात सगळ्यात जास्त कामी येतात, कारण प्रत्येक सैनिकाच्या दातांची नोंद लष्कराकडे असते. इथे दातच नव्हते. मग उरलं दंडाचं हाड आणि कमरेचं हाड. दंडाच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच. त्यात काही इंच इकडे-तिकडे होणं साहजिक असतं, आणि हाडाची टोकं झिजलेली किंवा तुटलेली असली तर चूक आणखी वाढते. कमरेच्या हाडाच्या सांध्यावरून वयाचा अंदाज येतो. विशी-तिशीतल्या माणसांत तो पाच-दहा वर्षांनी चुकू शकतो. अशा अंदाजातून निष्कर्ष निघाला, की हा माणूस ब्लॅसीपेक्षा वयाने मोठा आणि उंचीने कमी असावा. पोशाखाला चिकटलेल्या केसांवरून रक्तगट काढला गेला तो ‘ओ’ निघाला. मायकेलचा होता ‘ए’. कितीतरी महिने उष्ण, ओल्या रानात पडून राहिलेल्या आणि अनेकांचे हात लागलेल्या कापडावरच्या केसांवर ही चाचणी केली होती.

१९८० मध्ये या तीन गोष्टींच्या जोरावर ब्लॅसीचं नाव काढून टाकण्यात आलं. अवशेषांना क्रमांक मिळाला : एक्स-२६.

दुसऱ्या पारड्यात काय होतं, तेही बघायला हवं. आन लॉकच्या आसपास त्या दिवसांत आणखीही अमेरिकी मारले गेले होते. त्यांत हेलिकॉप्टरचे वैमानिक होते. पण हेलिकॉप्टरचे वैमानिक पॅराशूट बांधून उडत नसत आणि एकट्यापुरती रबरी होडीही त्यांच्याकडे नसे. ते साहित्य ए-३७ च्या वैमानिकाच्या आसनासोबत असायचं. म्हणजे ओळखपत्र हरवलं तरी सापडलेल्या वस्तू बोलतच होत्या. ढोबळ चुकीला वाव असलेल्या अंदाजाला ‘शास्त्रीय’ म्हणून जास्त वजन मिळालं आणि घटनास्थळाच्या पुराव्याला ‘परिस्थितिजन्य’ म्हणून कमी. त्या प्रयोगशाळेत हाडांवरून ओळख ठरवण्याची जी रीत वापरली जाई, तिच्यावर १९८० च्या दशकाच्या मध्याला इतर मानववंशशास्त्रज्ञांनी कडक टीका केली. पण तोपर्यंत एक्स-२६ प्रयोगशाळेबाहेर गेला होता.

थडग्याला हवा होता एक अज्ञात

आर्लिंग्टनच्या थडग्यात पहिल्या महायुद्धातला अज्ञात सैनिक १९२१ पासून आहे. दुसऱ्या महायुद्धातला आणि कोरियन युद्धातला असे दोघे १९५८ मध्ये तिथे आले. व्हिएतनामचाही एक अज्ञात तिथे असावा, असा कायदा अमेरिकी काँग्रेसने १९७३ मध्ये केला आणि त्यासाठी जागा बांधून तयार झाली. अडचण अशी, की ठेवायला कुणी नव्हतं. जखमींना आणि मृतांना हेलिकॉप्टरने झटपट मागे आणलं जाई आणि नोंदी चांगल्या असत, त्यामुळे ओळख न पटलेले अवशेष अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. दहा वर्षं ती जागा रिकामी राहिली. माजी सैनिकांच्या संघटना विचारत होत्या, की आमच्याच युद्धाचा मान का राखला जात नाही. आणि बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांना वेगळीच भीती होती : एकदा अज्ञाताचं दफन झालं, की आपल्या माणसांचा शोध गुंडाळला जाईल.

अखेर निवड एक्स-२६ ची झाली. मे १९८४ मध्ये पर्ल हार्बरला समारंभ झाला, तिथून युद्धनौकेने शवपेटी कॅलिफोर्नियाला आली आणि मग विमानाने वॉशिंग्टनला. संसदभवनाच्या घुमटाखाली लोकांनी रांगा लावून दर्शन घेतलं. २८ मे १९८४ ला राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या उपस्थितीत दफन झालं आणि त्यांनी या अज्ञाताला ‘मेडल ऑफ ऑनर’ हा देशाचा सर्वोच्च लष्करी सन्मान बहाल केला. आपण कुठलंही शेवटचं प्रकरण लिहीत नाही, कुठलीही वही मिटत नाही, अशा आशयाचं रेगन त्या दिवशी बोलले. त्यांच्या मनात बेपत्तांची कुटुंबं होती. समोरच्या पेटीतल्या माणसाचं कुटुंब आपल्याच देशात जिवंत आहे आणि त्याचं नाव एका फाइलीत आहे, हे त्या जमावातल्या जवळजवळ कुणालाच माहीत नव्हतं.

१९९४ मध्ये व्हिएतनाम युद्धातल्या एका माजी सैनिकाने उपलब्ध कागद जुळवून छापलं, की थडग्यात ब्लॅसी असण्याची दाट शक्यता आहे. त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. जानेवारी १९९८ मध्ये सीबीएस या वाहिनीने तोच धागा धरून, कागदपत्रं आणि त्या गस्तीशी संबंधित लोकांना शोधून सविस्तर बातमी दिली. तेव्हा कुठे घरचे पुढे आले. वडील तोवर वारले होते. आई आणि भावंडांनी संरक्षण खात्याकडे एकच मागणी केली : थडगं उघडा आणि आमचा डीएनए घ्या.

देशाच्या सगळ्यात पवित्र मानल्या गेलेल्या थडग्याला हात लावायचा का, यावर माजी सैनिकांत दोन तट होते. मायकेलच्या बहिणीचं म्हणणं साधं होतं : तो आमचा असेल तर त्याला घरी आणायचं आहे. ती स्वतः हवाई दलाच्या राखीव दलात अधिकारी होती, त्यामुळे तिला या मागणीची किंमत कळत होती. संरक्षण मंत्री विल्यम कोहेन यांनी परवानगी दिली. १४ मे १९९८ ला भोवती आडोसा उभारून ग्रॅनाइट कापण्यात आला आणि शवपेटी बाहेर काढली गेली.

आईकडूनच का

हाडात सव्वीस वर्षांनी काय उरतं? पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएच्या फक्त दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. ऊन, ओल, आम्लयुक्त माती आणि जिवाणू यांनी तो तुकडे तुकडे होऊन जातो. व्हिएतनामची माती तर हाडांची वैरीण आहे. ती हाडच विरघळवते. पण पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया नावाच्या कणांमध्येही एक छोटा, गोलाकार डीएनए असतो आणि एकेका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात. त्यातली एखादी तरी वाचण्याइतकी शाबूत राहण्याची शक्यता पुष्कळ जास्त. १९९८ मध्ये एवढ्या खराब हाडासाठी हाच भरवशाचा मार्ग होता.

हा डीएनए फक्त आईकडून येतो. त्यामुळे नमुना कुणाचा चालेल, याचा हिशेब नेहमीच्या वारसाहक्कापेक्षा अगदी वेगळा बसतो. मराठी घरात तो पटकन समजेल, कारण प्रत्येक नात्याला आपल्याकडे स्वतंत्र नाव आहे. सैनिकाची आई चालते, आजी चालते, पण ती आईची आई हवी. सख्खे भाऊ-बहीण चालतात. मावशी चालते, मामाही चालतो. मावशीची मुलं चालतात, मामाची मुलं मात्र नाहीत. बहिणीची मुलं, म्हणजे भाचा-भाची, चालतात. भावाची मुलं, म्हणजे पुतणे, चालत नाहीत. वडील, काका, आत्या आणि सगळी चुलत-आते भावंडं बाद. आणि ऐकायला कठीण वाटेल, पण सैनिकाचा स्वतःचा मुलगाही या चाचणीला उपयोगी नाही. ज्याने वडिलांची वाट बघत आयुष्य काढलं, त्याचं रक्त इथे काही सांगू शकत नाही. दूरच्या गावात राहणारी, सैनिकाला कधी न भेटलेली मावशीच्या मुलीची मुलगी मात्र सांगू शकते.

म्हणूनच जुन्या युद्धांतल्या सैनिकांसाठी लष्कराला वंशावळ शोधणारी माणसं लागतात. प्रत्येक पिढीत लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रियांची साखळी पकडत जायचं, हे चिकाटीचं काम असतं. ब्लॅसीच्या प्रकरणात तो प्रश्न आला नाही. आई हयात होती, बहीण होती. दोघींचे नमुने घेतले गेले. आन लॉकच्या आसपास बेपत्ता झालेल्या आणि या अवशेषांशी संबंध जोडता येईल अशा इतर सैनिकांच्या आईकडच्या नातेवाइकांचेही नमुने मागवण्यात आले.

कमरेच्या हाडाचा छोटा तुकडा मेरीलँडमधल्या रॉकव्हिलच्या सशस्त्र दलांच्या डीएनए प्रयोगशाळेत गेला. अशा प्रयोगशाळेतलं काम सावकाश आणि काटेकोर चालतं. आधी हाडाचा वरचा थर घासून काढायचा, कारण आजवर ज्यांनी ते हाताळलं त्यांचा डीएनए त्यावर असतो. मग ते धुऊन, वाळवून, दळून त्याची पूड करायची. पुडीतून डीएनए वेगळा करायचा, हव्या त्या भागाच्या असंख्य प्रती बनवायच्या आणि अक्षरांचा, म्हणजे डीएनएतल्या घटकांचा, क्रम वाचायचा. मायटोकॉन्ड्रियल डीएनएची एकूण लांबी सुमारे १६,५०० अक्षरं, पण माणसामाणसांत सगळ्यात जास्त फरक सापडतो तो ‘नियंत्रण भाग’ नावाच्या पट्ट्यात. तेवढाच भाग, सुमारे सहाशे अक्षरं, वाचला जाई. काम करणाऱ्यांचा स्वतःचा डीएनएही नोंदवलेला असतो, म्हणजे चुकून तोच वाचला गेला तर लगेच पकडता येतं. आणि हाडाची तपासणी स्वतंत्रपणे पुन्हा करून दोन्ही वेळा तेच उत्तर यावं लागतं.

हाडातला क्रम मायकेलच्या आईच्या आणि बहिणीच्या क्रमाशी जुळला. इतर कुटुंबांच्या नमुन्यांशी जुळला नाही. ३० जून १९९८ ला संरक्षण खात्याने जाहीर केलं, की व्हिएतनामचा अज्ञात सैनिक म्हणजे लेफ्टनंट मायकेल ब्लॅसी. ११ जुलैला सेंट लुईसच्या जेफरसन बॅरॅक्स राष्ट्रीय दफनभूमीत त्याच्या नावानिशी त्याचं दफन झालं.

डीएनएने नेमकं काय केलं

इथे थोडं थांबायला हवं, कारण ‘डीएनएने ओळख पटवली’ हे वाक्य आपण फार सहज लिहितो. मायटोकॉन्ड्रियल डीएनए बोटांच्या ठशासारखा एकमेव नसतो. आईकडून एकाच दूरच्या पूर्वज स्त्रीपर्यंत पोहोचणारी, एकमेकांना ओळखतही नसलेली हजारो माणसं तोच क्रम घेऊन वावरत असतात. त्यामुळे ही चाचणी ‘हा तो नव्हे’ हे ठामपणे सांगू शकते, पण ‘हाच तो’ हे एकटीने सांगू शकत नाही. ब्लॅसीच्या बाबतीत ती निर्णायक ठरली, कारण शक्य नावांची यादी आधीच छोटी होती. ती छोटी कशामुळे होती? आन लॉकची जागा, तारीख, पॅराशूट, रबरी होडी आणि ओळखपत्र पाहिलेल्या माणसांचं सांगणं यांमुळे. म्हणजे १९८० मध्ये ज्या पुराव्याला बाजूला सारलं, त्याच पुराव्याने १९९८ मध्ये डीएनएला विचारण्याजोगा प्रश्न पुरवला. तो नसता तर सहाशे अक्षरांचा तो क्रम कुणाच्या नमुन्याशी ताडून बघायचा, हेच कळलं नसतं.

यादी मोठी असली की अवस्था कशी होते, हे पर्ल हार्बरच्या ‘ओक्लाहोमा’ युद्धनौकेच्या कामात दिसलं. १९४१ मध्ये त्या जहाजावर ४२९ जण मेले, त्यांपैकी ३९४ जणांची ओळख पटली नाही आणि त्यांची हाडं एकमेकांत मिसळून पुरली गेली. २०१५ मध्ये ती बाहेर काढली तेव्हा अनेक खलाशांचा मायटोकॉन्ड्रियल क्रम एकच निघाला. तिथे दातांच्या नोंदी, वडिलांकडून येणारा वाय गुणसूत्राचा डीएनए आणि केंद्रकातला डीएनए हे सगळं एकत्र वापरावं लागलं. वर्षानुवर्षं चाललेल्या त्या कामातून ३६० हून अधिक जणांना नाव मिळालं. त्या कामात पुतण्यांसारखे वडिलांकडचे नातेवाईकही उपयोगी पडले, ही मला फार चांगली गोष्ट वाटते.

आजच्या अमेरिकी सैनिकांच्या बाबतीत हा प्रश्न बराचसा सुटला आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून भरती होणाऱ्या प्रत्येकाच्या रक्ताचा थेंब कागदी कार्डावर वाळवून साठवला जातो. तुलना त्याच्या स्वतःच्याच रक्ताशी होते. आधीच्या युद्धांतल्या माणसांसाठी मात्र नातेवाईक हाच एक दुवा आहे, आणि आईची पिढी तर संपलीच आहे. १९८० मध्ये फाइल बंद करताना कुणी ब्लॅसी कुटुंबाला बोलावून सगळे कागद दाखवले असते, तर डीएनए नसतानाही घरच्यांनी प्रश्न विचारले असते. आणि वडिलांना ते ऐकायला मिळालं असतं. पद्धत म्हणून या प्रकरणातून मी हेच उचलेन : अवशेष कुणाचे ‘असावेत’ अशी नोंद झाली त्याच दिवशी त्या घराला कळवणं. खात्री नसेल तर खात्री नाही असं सांगून, पण कळवणं.

निकालानंतर दोन प्रश्न शिल्लक होते. आर्लिंग्टनच्या त्या जागेत दुसरा अज्ञात ठेवायचा का? तसं न करण्याचा निर्णय झाला. १७ सप्टेंबर १९९९ ला तिच्यावर अमेरिकेच्या बेपत्ता सैनिकांशी निष्ठा राखण्याचं वचन देणारा नवा मजकूर कोरण्यात आला. दुसरा प्रश्न मेडल ऑफ ऑनरचा. ते मायकेलला मिळावं, अशी घरच्यांची इच्छा होती. संरक्षण खात्याने नकार दिला : सन्मान अज्ञात सैनिकाला, सगळ्या अज्ञातांचा प्रतिनिधी म्हणून होता, एका माणसाला नव्हे. नियमाने हे बरोबर आहे. तरी चौदा वर्षं त्या प्रतिनिधित्वाचा भार ज्याच्या हाडांनी वाहिला, त्याच्या आईला हे उत्तर ऐकताना काय वाटलं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणि ज्यांचे नमुने जुळले नाहीत ती कुटुंबं. त्यांनीही त्याच उन्हाळ्यात, तीच आशा धरून नमुने दिले होते. त्यांना उत्तर मिळालं ते ‘नाही’ असं. असे नमुने फेकून देत नाहीत. त्यांचे क्रम प्रयोगशाळेच्या साठ्यात राहतात आणि आग्नेय आशियातून नवं हाड आलं, की त्याचा क्रम त्यांच्याशी ताडून बघितला जातो.